लाल ओठांच्या पलीकडे

जुन्या हॉलिवूडचा मेकअप म्हणजे जाड थर आणि भडक लाल ओठ, असा समज सर्रास आढळतो. लाल ओठ त्यात आहेतच. पण १९३०च्या दशकातले बहुतेक चित्रपट कृष्णधवल होते आणि तिथे रंगापेक्षा छायाप्रकाशाला महत्त्व होते. पेन्सिलने काढलेल्या व्यक्तिचित्रात नाक-गाल सावलीनेच उठून दिसतात, तसेच हे. अभिनेत्री मार्लीन डीट्रिशच्या गालांखालचे खोलगट भाग तर बरेचसे वरून सोडलेल्या दिव्याची किमया! थरही जाड नसे. टेक्निकलर (रंगीत) चित्रपटांसाठी मॅक्स फॅक्टर कंपनीने आणलेले पॅन-केक (वडीसारखे दाबलेले फाउंडेशन) ओल्या स्पंजने पातळच लावत. घरी असा मेकअप करताना मॅट (चकाकी नसलेला) बेस, गालाच्या हाडाखाली हलकी सावली, बारीक कमानदार भुवया. लिपस्टिक सगळ्यात शेवटी.