जमिनीनंतरची शिदोरी

द्रोणागिरी नोडसाठी सिडकोने उरणच्या शेतकऱ्यांची जमीन घेतली. या भूसंपादनावरून झालेल्या १९८४च्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. पण भूखंड एकदाच विकता येतो, हातातले कौशल्य मात्र आयुष्यभर पुरते. शेजारी १९८९पासून चालणारे न्हावाशेवा बंदर आणि ओएनजीसीचा प्रकल्प आहे. तिथले दार उघडण्याची सर्वांत भरवशाची वाट म्हणजे शिकाऊ उमेदवारी. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना त्याच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात.

ही स्वस्त मजुरीच, असा आक्षेप असतो. काही ठिकाणी तो खराही ठरतो, आणि कायदा पुढच्या नोकरीची हमीही देत नाही. तरीही नोंदणीकृत करार, दरमहा विद्यावेतन आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र साध्या कंत्राटी कामगाराला मिळत नाही. शिवाय शिक्षण इथे संपत नाही: आयटीआय करून उमेदवारीला आलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि तिथून अभियांत्रिकी पदवीला जाता येते. म्हणून उपाय उमेदवारी टाळण्यात नाही, तर तिच्यावर कडक देखरेख ठेवण्यात आहे. जमीन दिलेल्या गावांनी आता अशा उमेदवारीचा हक्कही ठामपणे मागायला हवा.