नोहाच्या जलप्रलयाची कथा

नोहाच्या जलप्रलयाची कथा बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या ६ ते ९ या अध्यायांत आली आहे. मिथकांच्या अभ्यासात तिचा विचार प्राचीन पश्चिम आशियातील प्रलयकथांसोबत केला जातो. येथे ‘मिथक’ म्हणजे खोटी गोष्ट नव्हे. विश्व आणि मानव यांविषयी एखाद्या समाजाची धारणा व्यक्त करणारी पवित्र कथा, असा या संज्ञेचा अर्थ आहे.

तुलना

ब्रिटिश म्युझियममधील जॉर्ज स्मिथ यांनी १८७२ मध्ये निनेवे येथील मातीच्या पट्टिकेवरील प्रलयकथा वाचली. गिल्गमेश महाकाव्यातील या कथेत उत्नपिश्तिम देवाच्या सूचनेवरून नौका बांधतो, पाणी ओसरले का हे पाहण्यासाठी पक्षी सोडतो आणि अखेरीस देवांना बली अर्पण करतो. नोहाही हेच करतो. प्रलयाचे कारण मात्र वेगळे आहे. अत्राहासिस या अक्कदी काव्यात माणसांच्या गोंगाटाने झोपमोड झालेला एन्लिल देव प्रलय घडवतो. ‘उत्पत्ती’मध्ये मानवाची दुष्टता व हिंसा हे कारण दिले आहे. जुन्या कथानकाला हिब्रू परंपरेने दिलेला नैतिक आशय या भेदातून दिसतो.

रचना

कथेत एके ठिकाणी प्रत्येक जातीच्या प्राण्यांची एक जोडी, तर दुसऱ्या ठिकाणी शुद्ध प्राणी सात-सात घेण्याची आज्ञा आहे. अशा विसंगतींवरून येथे दोन परंपरा एकत्र गुंफल्या गेल्या असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात.

अन्य प्रलयकथा

जेम्स फ्रेझर यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जगभरातील प्रलयकथांचा आढावा घेतला. शतपथ ब्राह्मणातील मनू व मत्स्याची कथाही त्यात आहे. तथापि, केवळ साम्यावरून एक कथा दुसरीपासून निर्माण झाली, असे सिद्ध होत नाही.