मुंबई–लंडन : जाताना दहा तास, येताना नऊ

समजा, हिवाळ्यात एक विमान मुंबईहून दुपारी २ वाजता निघाले आणि संध्याकाळी ६.३० वाजता लंडनला उतरले. परतताना ते लंडनहून रात्री ९ वाजता निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३० वाजता मुंबईला पोचले. जाताना साडेचार तास, येताना साडेचौदा! असे वेळापत्रक वर्गात वाचून दाखवले, की एखादा हुशार विद्यार्थी हमखास उठून सांगतो, "सर, पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना? विमान हवेत असताना लंडनच त्याच्याकडे सरकत येते!"

उत्तर चटकदार आहे, पण चूक आहे. वेळापत्रकातील वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. हिवाळ्यात लंडनची घड्याळे आपल्या साडेपाच तास मागे असतात. हा फरक जाताना मिळवा, येताना वजा करा; १० तास आणि ९ तास हे खरे आकडे हाती येतात. म्हणजे उशीर होतो तो पश्चिमेला जातानाच!

पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते, ही गोष्ट तो विद्यार्थी विसरला. मुंबईची जमीन ताशी सुमारे १५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असते. हवा मागे राहिली असती, तर आपल्याला अंगणात उभेही राहता आले नसते.

आता अंतर पाहू. ते सपाट नकाशावर मोजू नये. पृथ्वीगोलावर मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. दोरा इराण, कॉकेशस, काळा समुद्र, पोलंड असा जातो. नकाशावर पट्टीने रेघ ओढली तर तिचा मध्य सीरियाच्या आसपास येतो; दोऱ्याचा मध्य मात्र कॉकेशसमध्ये, सुमारे हजार किलोमीटर दूर. हा दोरा पृथ्वीच्या केंद्राशी सुमारे ६४.९ अंशांचा कोन करतो. एका अंशाला १११.२ किलोमीटर, म्हणून अंतर सुमारे ७२०० किलोमीटर. प्रत्यक्षात विमाने तंतोतंत या वाटेने जात नाहीत. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले, त्यामुळे तर वळसा आलाच.

मग तासाभराचा फरक कशामुळे? वाऱ्यामुळे. समशीतोष्ण पट्ट्यात ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोतवारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. विमानेही याच उंचीवरून उडतात.

विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर धरा. वारा नसेल तर जायला ८ तास, यायला ८ तास. आता ताशी १०० किलोमीटरचा वारा जाताना बरोबर समोरून आणि येताना पाठीमागून आहे असे माना. जायला ९ तास लागतील, यायला ७ तास १२ मिनिटे. (वळसे आणि धावपट्टीवरचा वेळ वेगळा.) एकूण १६ तास १२ मिनिटे! जाताना गमावलेले येताना पूर्ण भरून निघत नाही, कारण विरोधी वाऱ्यात विमान जास्त वेळ असते. वारा दुप्पट, म्हणजे ताशी २०० केला, तर हा तोटा १२ मिनिटांवरून सुमारे ५० मिनिटांवर जातो. दुप्पट नव्हे, चौपटीहून थोडा अधिकच. हे गणित मुलांनाच करू द्यावे.