उत्तर-फाइलीतील दोष आणि त्यांचे निदान

एखाद्या विभागाच्या प्रयोगशाळेत तीस संगणक एकाच वेळी दाखल होतात, तेव्हा प्रत्येकावर विंडोज ही कार्यप्रणाली, ध्वनिविश्लेषणाची साधने आणि देवनागरी कळफलक स्वतंत्रपणे बसवीत राहणे व्यवहार्य नसते. अशा वेळी एक संगणक आदर्श म्हणून सिद्ध करावयाचा, त्यावरील सर्व रचनेची प्रतिमा, म्हणजे रूढ भाषेतील 'इमेज', टिपून घ्यावयाची आणि ती उरलेल्या यंत्रांवर उतरवावयाची, अशी रीत आहे. मात्र प्रतिमा टिपण्यापूर्वी आदर्श यंत्राची स्वतःची ओळख पुसून टाकावी लागते. यंत्राचे नाव, त्याचा सुरक्षा-क्रमांक, त्याच्या विशिष्ट जुळणीच्या खुणा, हे सारे काढून टाकण्याचे काम विंडोजमध्येच असलेले 'सिस्प्रेप' हे साधन करते. या क्रियेला 'जनरलाइझ' करणे, म्हणजेच सामान्यीकरण, असे म्हणतात.

ही पायरी अनेक ठिकाणी अनावश्यक मानून वगळली जात असे. त्याला कारणही घडले होते. सुरक्षा-क्रमांकाची पुनरुक्ती समजली जाते तितकी घातक नाही, असे प्रतिपादन मार्क रसिनोविच यांनी २००९ मध्ये केले आणि तो क्रमांक बदलून देणारे आपले 'न्यूसिड' हे साधन मागे घेतले. तरीही सिस्प्रेपखेरीज केलेल्या नकलांना मायक्रोसॉफ्टने मान्यता दिली नव्हती, ही गोष्ट पुष्कळांच्या स्मरणातून गेली. २०२५ च्या ऑगस्टअखेरपासून आलेल्या सुधारणांमुळे विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत या क्रमांकाची तपासणी कडक झाली आणि समान क्रमांकाच्या यंत्रांना परस्परांकडे ओळख पटविणे अशक्य होऊ लागले. सामान्यीकरण टाळण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला आहे. आणि सामान्यीकरण आले की त्यामागोमाग उत्तर-फाइल आणि तिच्यातील दोष हेही आलेच.

'उत्तर-फाइल' हे नाव अन्वर्थक आहे. ओळख पुसलेले यंत्र प्रथम सुरू होते तेव्हा ते काही प्रश्न विचारते: आपले नाव काय, कालविभाग कोणता, भाषा कोणती, वापरणारा कोण. समोर कुणीही बसलेले नसताना या प्रश्नांची उत्तरे मिळावीत म्हणून ती आधीच लिहून ठेवावयाची, हे या फाइलीचे प्रयोजन होय. विंडोज व्हिस्टापूर्वी ही उत्तरे साध्या मजकुराच्या फाइलींत, वेगवेगळ्या नावांनी विखुरलेली असत. व्हिस्टापासून ती 'अनअटेंड' या नावाच्या एकाच एक्सएमएल फाइलीत एकवटली. तिचे सात विभाग पडतात. त्यांना 'पास' म्हणतात. येथे त्यांना टप्पे म्हटले आहे. प्रतिमा उतरविण्याच्या वेळचा 'विंडोजपीई', प्रतिमा निद्रिस्त असताना लागू होणारा 'ऑफलाइनसर्व्हिसिंग', ओळख पुसणारा 'जनरलाइझ', नवी ओळख देणारा 'स्पेशलाइझ', तपासणीचे दोन 'ऑडिट' टप्पे आणि शेवटी वापरणाऱ्याचे स्वागत करणारा 'ओओबीई-सिस्टम'. सर्व टप्पे प्रत्येक वेळी घडतातच असे नाही. ही फाइल एका बैठकीत लिहिली जाते, पण वाचली जाते ती तुकड्यातुकड्यांनी, निरनिराळ्या वेळी. निदानाच्या बहुतेक अडचणींचे मूळ येथेच आहे.

प्रतिमा तयार झाली, दुसऱ्या यंत्रावर उतरली आणि ते यंत्र सुरू होता होता थांबले. पडद्यावर सूचना आली की 'स्पेशलाइझ' टप्प्यासाठी उत्तर-फाइल वाचता किंवा अमलात आणता आली नाही, आणि दोष 'शेल-सेटअप' या घटकाच्या मांडणीत आढळला. यंत्र पुन्हा सुरू केले तरी पुन्हा तेथेच अडते. या सूचनेचा अर्थ फाइलीचे व्याकरण चुकले आहे असा घेतला जातो, आणि मग अनेक तास कंस व खुणा तपासण्यात खर्ची पडतात. वस्तुतः सूचनेत टप्पा आणि घटक या दोनच गोष्टी सांगितलेल्या असतात. वाचक कोठे थांबला हे ती सांगते. तो का थांबला हे सांगत नाही. यंत्राचे नाव प्रमाणाबाहेर लांब असणे आणि परवान्याची किल्ली भलत्याच आवृत्तीची असणे या दोन सर्वस्वी भिन्न दोषांना एकच सूचना मिळते, कारण दोन्ही एकाच घटकात आणि एकाच टप्प्यात येतात. भाषाभ्यासकांच्या परिभाषेत ती अनेकार्थी आहे, आणि अर्थनिश्चिती संदर्भावरूनच करावी लागते.

दोषाचे स्वरूप पाहण्यापूर्वी एक प्रश्न विचारावयास हवा, आणि तोच सर्वांत अधिक वेळा राहून जातो: यंत्राने वाचली ती फाइल कोणती? फाइलीचा मार्ग आज्ञेत स्पष्टपणे सांगितलेला नसेल तर विंडोज ती ठरावीक क्रमाने शोधते. प्रथम नोंदवहीतील उल्लेख, मग विंडोज फोल्डरातील 'पँथर' नावाचा उपफोल्डर, त्यानंतर काढता-घालता येणारी साधने, आणि पुढे सिस्प्रेपचा स्वतःचा फोल्डर. एकदा वापरलेल्या फाइलीची नक्कल पँथरमध्ये ठेवली जाते. तेव्हा आधीच्या प्रयत्नातील सदोष नक्कल तेथे शिल्लक असेल, तर सिस्प्रेपच्या फोल्डरातील फाइल कितीही वेळा शुद्ध केली तरी उपयोग होत नाही. शोधाच्या क्रमात जुनी प्रत आधी येते. हस्तलिखितांच्या अभ्यासात कोणते पोथीपत्र कोणाच्या हाती होते हे जसे प्रथम ठरवावे लागते, त्यातलाच हा प्रकार. सिस्प्रेप चालविताना 'अनअटेंड' या पर्यायापुढे फाइलीचा पूर्ण मार्ग द्यावा, म्हणजे हा संशय उरत नाही.

याच्या उलट बाजूचा दोषही आढळतो. यशस्वी झालेल्या यंत्राच्या पँथर फोल्डरातून फाइल उचलून तीच पुढील प्रतिमेसाठी वापरण्याचा मोह होतो. परंतु त्या नकलेत प्रक्रिया पूर्ण झालेल्या टप्प्यांवर 'वॉज-पास-प्रोसेस्ड' अशी खूण उमटलेली असते, आणि संकेतशब्दांच्या जागी गोपनीय मजकूर काढून टाकल्याची नोंद असते. अशी फाइल डोळ्यांना निर्दोष दिसते; यंत्र मात्र तिच्यातील टप्पे वाचून झालेले समजून सोडून देते. कोणतीही सूचना येत नाही, आणि कोणतीही मांडणी लागू होत नाही.

फाइल तीच आहे अशी खात्री झाल्यावर तिच्या रूपाकडे वळावे. एक्सएमएलचे नियम थोडे आणि निष्ठुर आहेत. लहान व मोठी रोमन अक्षरे भिन्न समजली जातात; उघडलेली प्रत्येक खूण मिटलीच पाहिजे; संस्थेच्या नावातील & हे चिन्ह जसेच्या तसे लिहिता येत नाही, त्याच्यासाठी नेमून दिलेले रूपच लिहावे लागते. मजकूर शब्दसंस्करणाच्या साधनातून उतरवून घेतला तर सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे येतात, आणि मनुष्याला एकच वाटणारी ही दोन चिन्हे यंत्राला पूर्णतः वेगळी असतात. देवनागरी मजकूर घालणाऱ्यांना आणखी एक धोका आहे. २०१९ पूर्वीच्या विंडोजमधील नोटपॅड फाइल जुन्या एएनएसआय पद्धतीने जतन करीत असे. त्या पद्धतीत देवनागरीला स्थानच नसल्यामुळे संस्थेचे मराठी नाव प्रश्नचिन्हांची माळ होऊन बसे. जुन्या यंत्रावर फाइल संपादित करताना ती यूटीएफ-८ मध्येच जतन झाल्याची खात्री करावी.

रूप शुद्ध असले तरी शब्द त्या भाषेतले असावे लागतात. ही तपासणी 'विंडोज सिस्टम इमेज मॅनेजर' या साधनाने होते. ते प्रत्यक्ष प्रतिमेवरून एक सूची तयार करते आणि उत्तर-फाइलीतील प्रत्येक घटक त्या सूचीशी ताडून पाहते. सूची ज्या आवृत्तीची, तपासणी त्याच आवृत्तीपुरती खरी. एका आवृत्तीसाठी सिद्ध केलेली फाइल दुसरीसाठी नव्याने ताडून न पाहता वापरणे म्हणजे जुना कोश घेऊन नवे लेखन तपासणे होय. हे साधन 'विम' या स्वरूपातील प्रतिमाच वाचते. उतरवून घेतलेल्या प्रतीत बहुधा 'ईएसडी' स्वरूप असते, ते आधी 'डिझम' या आज्ञेने बदलून घ्यावे. प्रत्येक घटकासोबत प्रक्रियकाचा प्रकारही लिहिलेला असतो. चौसष्ट-बिटी यंत्रांसाठी, मग ती इंटेलची का असेनात, 'एएमडी६४' असे लिहावे लागते. तेथे जुन्या फाइलीतून 'एक्स८६' राहिले तर तो सबंध घटक मुकाट्याने दुर्लक्षिला जातो. सूचना देऊन थांबणाऱ्या दोषापेक्षा न बोलता पुढे जाणारा हा दोष अधिक घातक मानला पाहिजे.

आता तिसरा प्रकार. भारतीय वाक्यविचारात आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी अशा वाक्यार्थबोधाच्या तीन अटी सांगितल्या आहेत. अग्नीने शिंपतो, हे योग्यतेच्या अभावाचे प्रसिद्ध उदाहरण: पदे शुद्ध, अन्वय शुद्ध, पण शिंपण्याची योग्यता अग्नीच्या ठिकाणी नाही. ही उपमा फार ताणू नये. तथापि उत्तर-फाइलीतील सर्वांत त्रासदायक दोष योग्यतेचेच असतात. यंत्राचे नाव घ्या. त्याची मर्यादा १५ बाइटांची आहे. 'भाषाशास्त्र' हा शब्द रोमन लिपीत 'श'साठी दोन अक्षरे घेऊन लिहिला तर १३ अक्षरे होतात. त्यापुढे संयोगचिन्ह आणि '०१' जोडताच संख्या १६ होते, आणि एका अक्षराने यंत्र अडते. हे नाव फाइलीत आधीपासून लिहिलेले नसून एखाद्या साधनाने आयत्या वेळी भरले असेल, तर आधी केलेली कोणतीही तपासणी ते पकडू शकत नाही. परवान्याच्या किल्लीचेही तसेच: 'प्रो' आवृत्तीची किल्ली आपल्या जागी बिनचूक असते, पण प्रतिमा 'एंटरप्राइझ'ची असल्यास 'स्पेशलाइझ' टप्पा तिला नाकारतो. दोष फाइलीत नसतो, प्रतिमेतही नसतो. तो दोहोंच्या संबंधात असतो.

भाषाविषयक मांडणीत हा संबंध विशेष गुंतागुंतीचा होतो, आणि मराठी वापरणाऱ्या विभागांनी तिच्याकडे बारकाईने पाहावे. व्यवहारात 'संगणकाची भाषा' असा एकच प्रश्न असतो; उत्तर-फाइलीत त्याची चार निराळी उत्तरे द्यावी लागतात. पडद्यावरील मजकुराची भाषा, कळफलकाची भाषा, तारखा व संख्या लिहिण्याची रीत, आणि यूनिकोड न जाणणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमांसाठी गृहीत धरावयाची भाषा. पडद्यावरील मजकुरासाठी मराठीचा नुसता उल्लेख पुरत नाही. तिचा भाषासंच प्रतिमेत आधी बसविलेला असला पाहिजे, आणि तो संच पूर्ण नसून दुसऱ्या मूळ भाषेवर आधारलेला असतो. कळफलकाला हे बंधन नाही. भाषेची खूण '०४४ई', तिच्यापुढे विसर्गासारखे चिन्ह आणि कळफलकाची खूण '०००००४४ई', इतके लिहिले की मराठी कळफलक मिळतो. येथील 'ई' हा सोळा-आधारी संख्येतील अंक आहे. (एक शून्य गाळले जाणे ही नित्याची चूक.) तारखांच्या रीतीसाठी मराठी खुशाल द्यावी. चौथ्या उत्तरात मात्र मराठी देऊ नये. मराठीसाठी जुनी एएनएसआय संकेतसारणी कधीच नव्हती. तेव्हा जुन्या प्रोग्रॅमांना मराठी गृहीत धरा असे सांगण्याला काही अर्थ राहत नाही. तेथे इंग्रजीच ठेवणे इष्ट. चारही ठिकाणी मराठी लिहिण्यामागील भावना समजण्याजोगी आहे. यंत्राला मात्र चार प्रश्नांची चार उत्तरे हवी असतात.

यंत्र अडल्यावर नेमके कारण कळण्याचा मार्ग सूचनेत नसून नोंदींत आहे. अडलेल्या पडद्यावरच शिफ्ट आणि एफ१० या कळी एकत्र दाबल्या असता आज्ञेची खिडकी उघडते. तीतून नोटपॅड उघडून नोंदी वाचता येतात. 'स्पेशलाइझ' व 'ओओबीई' टप्प्यांच्या नोंदी पँथरमधील 'अनअटेंड-जीसी' या उपफोल्डरात असतात. तेथील 'सेटअप-ॲक्ट' या फाइलीत 'शेल अनअटेंड' असे शीर्षक धारण करणाऱ्या ओळी खालून वर वाचाव्यात. शेवटी यशस्वी झालेल्या मांडणीनंतर जी यावयास हवी होती, तीच बहुधा दोषी असते. एवढ्याने उलगडा न झाल्यास त्या घटकातील निम्म्या मांडण्या काढून पुन्हा प्रयत्न करावा.

सिस्प्रेपच्या स्वतःच्या नोंदी मात्र त्याच्या फोल्डरातील निराळ्या पँथरमध्ये असतात, आणि तेथे आढळणारा एक दोष उत्तर-फाइलीच्या माथी उगाच मारला जातो. आदर्श यंत्रावर एखाद्या वापरणाऱ्याने स्टोअरमधून ॲप घेतले, किंवा असलेली ॲपे आपोआप अद्ययावत झाली, म्हणजे ते ॲप एकाच्या नावे बसलेले आणि सर्वांसाठी न नेमलेले अशी विसंगती उत्पन्न होते. सिस्प्रेप तेथेच थांबते. फाइलीत कितीही दुरुस्ती केली तरी हे अडणे सुटत नाही. नोंदीत नाव दिसेल ते ॲप काढून टाकावे लागते, आणि आदर्श यंत्र सिद्ध होईपर्यंत ते इंटरनेटपासून दूर ठेवावे लागते.

सामान्यीकरण एकदा झाले की आदर्श यंत्र पूर्वस्थितीत परतत नाही, आणि योग्यतेचे दोष तर त्यानंतरच प्रकट होतात. म्हणून आदर्श यंत्र आभासी स्वरूपात उभारावे आणि सिस्प्रेपची आज्ञा देण्यापूर्वी त्याच्या स्थितीची नोंद, जिला 'स्नॅपशॉट' किंवा 'चेकपॉइंट' म्हणतात, करून ठेवावी. प्रतिमा प्रथम एकाच यंत्रावर उतरवून 'ओओबीई'च्या अखेरपर्यंत नेऊन पाहावी, आणि मगच उरलेल्या एकोणतीसांकडे वळावे.