गहुलीचे वसंतराव

१ जुलै हा दिवस महाराष्ट्रात ‘कृषिदिन’ म्हणून साजरा होतो. तेव्हा आर्द्रा नक्षत्र चालू असतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या वावरांत कपाशी नि तूर नुकती उगवलेली असते. पाऊस लांबला असेल, तर शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. कृषिदिनासाठी हीच तारीख का बरं निवडली? कारण १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातल्या गहुली या लहानशा गावी वसंतराव नाईक यांचा जन्म झाला.

गहुली हे बंजारा समाजाचं गाव. पूर्वी बंजारे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून गावोगाव पोचवीत. पुढे आगगाडी आली नि त्यांचा धंदा बसला. मग तांडे एकेका जागी थांबले, शेती करू लागले. गहुली वसवली ती वसंतरावांच्या आजोबांनी, चतुरसिंग यांनी. ‘नाईक’ म्हणजे तांड्याचा प्रमुख. भांडणं मिटवायची, अडल्यानडल्याला हात द्यायचा, हे त्याचं काम.

लहानपणी वसंतराव आसपासच्या गावांतल्या शाळांत शिकले. पुढे अमरावतीला आणि नागपूरला गेले. १९४० साली वकील झाले. पुसदला त्यांनी वकिली सुरू केली, तेव्हा त्यांच्याकडे येणारे बरेचसे पक्षकार शेतकरीच! सावकाराचं कर्ज, जमिनीचा वाद, हीच त्यांची गाऱ्हाणी. ती ऐकता ऐकता वसंतराव सार्वजनिक कामात ओढले गेले. पुसदचे नगराध्यक्ष झाले, १९५२ साली आमदार झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर गावांच्या कारभाराचा विचार करायला एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष वसंतरावच होते. तिच्या शिफारशींवरून १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आज तुमच्यापैकी कितीतरी जण ‘जि. प.’च्या शाळेत जातात ना? त्यातली ‘जि. प.’ ती हीच.

५ डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले आणि सलग अकरा वर्षांहून अधिक काळ त्या पदावर राहिले. पण तो काळ मोठा कठीण होता. देशात धान्य पुरत नव्हतं. अमेरिकेतून गव्हाची जहाजं यायची, तेव्हा कुठे रेशन दुकानांपुढच्या रांगा सरकायच्या. १९६५ साली पुण्याच्या शनिवारवाड्यावरच्या सभेत वसंतरावांनी एक जबरदस्त पैज घेतली. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही, तर आपल्याला फाशी द्या, असं ते म्हणाले!

एवढा भरवसा कशाचा? संकरित बियाण्याचा. दोन वेगवेगळ्या वाणांचा संकर करून शास्त्रज्ञांनी ज्वारीचं नवं वाण काढलं होतं. ते बुटकं, लवकर येणारं आणि भरघोस कणसाचं होतं. शेतकऱ्यांनी ते पेरावं म्हणून वसंतराव बांधावर जाऊन बोलत. तिथं त्यांचं शेतकरीपण कामाला येई. पण लोकांच्या तक्रारीही खोट्या नव्हत्या. धाट बुटकं, म्हणून कडबा कमी. कणसं भरली नि वरून पाऊस आला, की दाणे काळे पडायचे. बी दरवर्षी विकत घ्यायचं, खतही घालायचं. भाकरीला जुनी गोडी नाही, असं म्हातारी माणसं म्हणत. नाजूक प्रकृतीच्या पोराला ‘हायब्रीड’ म्हणून चिडवायची पद्धत त्यातूनच पडली!

उत्पन्न वाढू लागलं. पण स्वयंपूर्णतेची वाट दोन वर्षांत संपणारी नव्हती. १९७२ साली भीषण दुष्काळ पडला. बियाणं कितीही चांगलं असलं, तरी पाण्यावाचून ते काय करणार? सरकारवर टीकेची झोड उठली. तेव्हा वसंतरावांच्या सरकारनं गावोगाव कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं त्या कामांवर होती. भीक नको, काम द्या, हा त्यामागचा विचार. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच काळात रुजली. १९७७ साली राज्यात तिचा कायदा झाला आणि २००५ साली साऱ्या देशासाठी तसाच कायदा झाला.

राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी ही चारही कृषी विद्यापीठं वसंतरावांच्याच कारकिर्दीत निघाली. परभणीच्या विद्यापीठाला २०१३ पासून त्यांचं नाव आहे. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर इथं त्यांचं निधन झालं.

आता एक अवघड गोष्ट. याच यवतमाळ जिल्ह्यात पुढच्या काळात कर्जापायी अनेक शेतकऱ्यांनी आपला जीव दिला. बियाणं आलं, विद्यापीठं आली. पण इथली बरीचशी शेती अजून पावसावरच आहे आणि कापसाचा भाव शेतकऱ्याच्या हातात नाही. वसंतरावांची पैज अजून पुरी व्हायची आहे. ती आता एकट्या मुख्यमंत्र्याची नाही, सगळ्यांचीच आहे.

येत्या रविवारी एक करा. घरात आजी-आजोबा असतील, तर त्यांना ‘बहात्तरच्या दुष्काळा’बद्दल विचारा. रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी, कामावर मिळणारी सुकडी, फोडलेली खडी... त्यांना काय काय आठवतंय ते वहीत लिहून ठेवा. पुस्तकात न सापडणाऱ्या कितीतरी गोष्टी तुम्हाला कळतील.