उजेडही फसवा असतो

यमुनेच्या पूर्वतीरावरील मयूर विहार ही दिल्लीतील प्रामुख्याने निवासी वसाहत. तिच्या शेजारच्या नोएडात आणि पटपडगंज औद्योगिक क्षेत्रात मात्र अनेक लघुउद्योग उभे आहेत. अशा ठिकाणी धातुकामाची कार्यशाळा काढणारा उद्योजक लेथसाठी कर्ज घेतो. त्या लेथवर पडणाऱ्या उजेडाची तरतूद अंदाजपत्रकात बहुधा राहून जाते.

उजेड अपुरा असेल तर मापनातील रेघ चुकते आणि काम बाद होते. त्याहून गंभीर धोका भरपूर उजेडातही दडलेला असतो. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्यांना ते जाणवत नाही. परंतु मिनिटाला २,००० फेरे घेणारा तीन जबड्यांचा चक दोन लुकलुकींच्या दरम्यान नेमका एक तृतीयांश फेरा पुरा करतो. एका जबड्याची जागा दुसरा घेतो आणि फिरता चक स्थिर असल्याचा भास होतो. चार जबड्यांच्या चकाबाबत हेच १,५०० फेऱ्यांवर घडते. यंत्र थांबले असे समजून पुढे केलेला हात जायबंदी व्हायला एक क्षण पुरतो.

लगतच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडणे हा यावरील जुना उपाय. एलईडी दिव्यांनी विजेची बचत होते. तथापि हलक्या प्रतीचा ड्रायव्हर असल्यास तेही लुकलुकतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहताना दिव्याच्या उजेडात गडद पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा यंत्रावर लावू नये.

इतर सुधारणा अल्पखर्चाच्या आहेत. काजळलेल्या भिंतींना पांढरा रंग द्यावा. कारागिराची सावली कामावर पडणार नाही, अशा बाजूने लेथवर स्वतंत्र दिवा असावा. छोट्या दिव्याचे अंतर निम्मे केल्यास उजेड सुमारे चौपट होतो; मात्र तो डोळ्यांवर चमकू नये. खिडक्यांच्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवाव्यात, असे १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या १७ व्या कलमातही सांगितले होते.

लेथच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. कर्जाचे हप्ते अखेर कारागिराच्या हातांच्या बळावरच फिटतात. ते हात सुरक्षित राखणे हीच उद्योगाची खरी बचत होय.