मुद्रा, दस्तक आणि पारपत्र

परदेशांत राहणाऱ्या मनुष्याच्या पारपत्राची मुदत संपली, तर तें त्यानें कोणाकडून नवें करून घ्यावें, हा प्रश्न वरवर पाहतां कचेरींतील कारकुनाचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकानें त्यांत लक्ष कां घालावें, अशी शंका कोणी काढल्यास नवल नाहीं. परंतु हल्लीं आमच्या घाटनांदुरासारख्या आडबाजूच्या गांवांतूनही मुलें शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं समुद्रापलीकडे जाऊं लागलीं आहेत. अशाच एका मुलाच्या वडिलांनीं प्रस्तुत लेखकास सरळ विचारलें कीं, "मुलगा राहतो त्या देशांत, कर भरतो त्या देशाला, मग त्याचें पारपत्र तेथील सरकार नवें करून कां देत नाहीं? त्यासाठीं आपल्याच सरकारच्या वकिलातीचा उंबरठा कां झिजवावा?" प्रश्न भोळा खरा, पण त्याचें उत्तर देण्यास कौटिल्यापर्यंत मागें जावें लागतें.

कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी १९०५ मध्यें म्हैसुरास शामशास्त्री यांच्या हातीं आली व १९०९ मध्यें त्यांनीं ती छापून प्रसिद्ध केली. तिच्या दुसऱ्या अधिकरणांत चौतिसावा अध्याय मुद्राध्यक्ष नांवाच्या अधिकाऱ्याविषयीं आहे. हा अधिकारी एक माषक घेऊन प्रवाशास मुद्रा देई, आणि मुद्रा असलेल्यासच जनपदांत शिरण्याची किंवा तेथून निघण्याची मोकळीक असे. जनपदांतील रहिवासी मुद्रेवांचून सांपडल्यास त्यास बारा पण दंड. मुद्रा खोटी निघाल्यास प्रथम प्रतीचा साहसदंड. आणि खोटी मुद्रा बाळगणारा परमुलुखांतील असल्यास उत्तम, म्हणजे सर्वांत जबर, साहसदंड. मुद्रा तपासण्याचें काम विवीताध्यक्षाकडे, म्हणजे कुरणांवरील अधिकाऱ्याकडे, सोंपविलेलें आहे. दोन गांवांमधील ओसाड रानांतूनच चोर व हेर ये-जा करतात, हें ध्यानीं घेतलें म्हणजे या योजनेंतील शहाणपण दिसून येतें.

महाभारताच्या वनपर्वांत हाच विषय निराळ्या प्रसंगानें आला आहे. शाल्वानें द्वारकेस वेढा दिला, तेव्हां मुद्रेवांचून कोणी नगराबाहेर पडत नव्हता व मुद्रेवांचून कोणास आंत घेतलें जात नव्हतें, असें श्रीकृष्ण युधिष्ठिरास सांगतो. विशाखदत्तानें तर मुद्राराक्षसाच्या पांचव्या अंकाची सारी कळच या परवान्यांत ठेविली आहे. मलयकेतूची छावणी कुसुमपुराजवळ येऊन ठेपली असल्यामुळें भागुरायणाच्या मुद्रेवांचून छावणीबाहेर जाण्यास बंदी आहे. क्षपणक मुद्रा मागण्यास जातो. सिद्धार्थक मात्र ती न घेतांच निघतो, पकडला जातो, व त्याच्याजवळच्या पत्रानें राक्षसाचा घात होतो. सिद्धार्थक हा चाणक्याचा माणूस. पकडलें जावें हाच त्याचा हेतु. परवाना नसणें हेंच येथें शस्त्र झालें आहे. नाटकाच्या नांवांतील मुद्रा ही राक्षसाची अंगठी आहे आणि या अंकांतील मुद्रा म्हणजे वाटपरवाना आहे. शिकवितांना विद्यार्थी या दोहोंचा घोंटाळा करीत, म्हणून एवढें सांगितलें.

या तिन्ही ठिकाणीं एक गोष्ट समान आहे. मुद्रा देणारा तो दरवाजाचा धनी. ज्याची वेस त्याची मुद्रा. प्रवासी कोणत्या राजाचा प्रजानन, हें दंड ठरवितांना पाहिलें जाई, पण परवाना देणारा नेहमीं तोच, ज्याच्या हद्दींत पाऊल पडावयाचें. म्हणून त्या काळीं दूरदेशीं गेलेल्या मनुष्यास मायदेशाच्या राजाकडून मुद्रा नवी करून आणण्याचें कारणच नव्हतें. मुद्रा वाटेची होती, माणसाची नव्हती.

मराठी दप्तरांतील दस्तकांचें स्वरूप याहून फारसें भिन्न नाहीं. दस्तकांत बहुधा जाणारा कोणाचा, बरोबर माणसें किती, घोडीं-बैल किती, कोठून कोठें जाणार हें लिहून वाटेवरील चौकीपहारे व जकातदार यांनीं मुजाहीम होऊं नये अशी ताकीद असते. ताकीद आपल्याच अंमलदारांस. दुसऱ्याच्या अंमलांत तिचें वजन तेथील धन्याच्या मर्जीइतकेंच. समुद्रावरही हाच न्याय. पोर्तुगीज दर्यावर जाणाऱ्या गलबतांस आपला कार्ताझ घ्यावयास लावीत. कान्होजी आंग्र्यांनीं कोंकणकिनाऱ्यावर आपलें दस्तक चालविलें. इंग्रज त्यांस चांचे म्हणत, पण उभयतांच्या कृतींत तत्त्वाचा भेद कोणता, हें त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं. बंगाल्यांत याच इंग्रजांनीं १७१७ च्या फर्मानाच्या आधारें कंपनीच्या मालासाठीं मिळालेलीं दस्तकें आपल्या खासगी व्यापारास लाविलीं, आणि त्या तंट्यांतून मीर कासीमाशीं युद्ध ओढवलें. (जाता जातां : जुन्या कागदांत "पारपत्य" हा शब्द पदोपदीं येतो. त्याचा अर्थ बंदोबस्त किंवा शासन. पारपत्राशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. घाईनें वाचणाऱ्यांनीं जपावें.)

आतां आमच्या भागाकडे वळूं. घाटनांदूर हें आंबेजोगाई तालुक्यांतील, परळी वैजनाथाहून विकाराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील स्टेशन. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत, लोकांच्या भाषेंत मोगलाईंत, होता. पश्चिमेस अहमदनगर जिल्हा लागला कीं इंग्रजी अंमल. भाषा एक, देव एक, सोयरिकी दोहींकडे. तरी मध्यें सरहद्द होती. तिच्यावर पारपत्र कोणी विचारीत नसे. विचारीत तें मालाविषयीं. निजामाच्या जकातखात्यास करोडगिरी म्हणत, आणि १८०२ च्या व्यापारी तहानें इंग्रजी मालावरील जकात शेंकडा पांच ठरली होती. नाणेंही निराळें : अलीकडे हाली, पलीकडे कलदार, आणि बदलाचा भाव सुमारें सात हालीस सहा कलदार. लग्नाचें कापड नगराहून आणतांना करोडगिरीच्या नाक्यावर गांठोडें कसें सोडावें लागे, हें जुनीं माणसें रंगवून सांगत. म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आमच्या सरहद्दीवर माणूस मोकळा होता व गांठोडें अडकत होतें.

समुद्रापलीकडे जाणाऱ्याची गोष्ट तेव्हां पालटली होती. १८८३ मध्यें आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या, तेव्हां पारपत्राची सार्वत्रिक सक्ती नव्हती. ती आणिली १९१४ च्या महायुद्धानें. युद्ध संपलें, पण युद्धांतील पहारा उठला नाहीं. हिंदुस्थानांत १९२० चा पारपत्रविषयक कायदा झाला, व त्याच वर्षीं राष्ट्रसंघाच्या विद्यमानें पॅरिस येथें परिषद भरून बत्तीस पानांच्या एकसारख्या पुस्तिकेची शिफारस झाली. या घडामोडींत मुद्रेचें स्वरूप उलटेंपालटें झालें. वेशीवरचा धनी आतां प्रवाशास विचारूं लागला, "तुझा धनी कोण? त्याचें पत्र दाखव." वेशीवरची परवानगी निराळी राहिली, तिला आज व्हिसा म्हणतात, आणि मायदेशाचें पत्र निराळें झालें, तेंच पारपत्र. कौटिल्याची मुद्रा ही आजच्या व्हिसाची पूर्वज होय, पारपत्राची नव्हे. मुद्राध्यक्ष म्हणजे पारपत्राधिकारी असें समीकरण सर्रास मांडलें जातें, तें आम्हांस मान्य नाहीं.

त्या गृहस्थांच्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. पारपत्र म्हणजे राहण्याच्या जागेचा दाखला नव्हे. हा आमचा माणूस, याला परत घेण्यास आम्ही बांधलेले आहों, असें एका राज्यानें दुसऱ्यास लिहून दिलेलें तें वचन आहे. मुलगा ज्या गांवीं राहतो तेथील सरकार दुसऱ्याच्या वतीनें वचन कसें देणार? म्हणून मुदत संपली कीं वचन देणाऱ्याच्या मुखत्याराकडे जावें लागतें.

पण वचन देणाराच परका असेल तर? संस्थानी प्रजेची स्थिति मोठी चमत्कारिक होती. मोगलाईंतील मनुष्य परदेशीं जाऊं म्हणेल, तर निजाम कितीही मोठा संस्थानिक असला तरी परराष्ट्रव्यवहार इंग्रजांकडे. त्यामुळें पारपत्र इंग्रजांचें. मात्र त्यांत त्याची नोंद ब्रिटिश प्रजानन अशी न होतां ब्रिटिश संरक्षित व्यक्ति अशी होई. राजा एक, संरक्षक दुसरा, आणि स्वतःचें राष्ट्र कोठेंच नाहीं.

याहून कठीण दशा ज्यांच्याविषयीं संरक्षकाचीच खप्पामर्जी झाली त्यांची. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हें त्याचें मराठी मुलुखांतील ठळक उदाहरण. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ते देश सोडून जपानमार्गें अमेरिकेस गेले, तेथें शेतकीशास्त्र शिकले, आणि गदर पक्षाच्या उभारणींत पडले. पहिल्या महायुद्धांत इराणांत इंग्रजांविरुद्ध लढण्यांत त्यांचीं वर्षें गेलीं. पुढें बर्लिन, १९२१ मध्यें मॉस्को, आणि १९२४ मध्यें मेक्सिको. चापिंगो येथील शेतकीच्या राष्ट्रीय विद्यालयांत ते अध्यापक झाले, मक्याच्या व गव्हाच्या वाणांवर त्यांनीं नांवाजण्यासारखें काम केलें, आणि दिएगो रिव्हेरा या विख्यात चित्रकाराच्या भित्तिचित्रांतही त्यांस स्थान मिळालें. मेक्सिकोनें त्यांस मान दिला, संसार दिला, अखेर नागरिकत्वही दिलें; एक गोष्ट मात्र मेक्सिकोच्या हातीं नव्हती, आणि ती म्हणजे वर्ध्यास परत जाण्याची वाट. ती ज्यांच्या हातीं होती ते त्यांस देशाचा शत्रु मानीत. १९४७ उजाडेपर्यंत तो दरवाजा बंदच राहिला. मध्यप्रांताच्या सरकारच्या बोलावण्यावरून १९४९ मध्यें ते आले, तेव्हां परक्या अमलांतील काळ्या यादींत त्यांचें नांव अद्याप तसेंच असल्यामुळें त्यांस आरंभीं अडविण्यांत आलें. राज्य गेलें होतें, यादी राहिली होती! घर सोडलेला तरुण चाळीस वर्षांनीं परक्या देशाचा नागरिक म्हणून स्वतःच्या दारांत उभा होता. पुढें ते नागपुरास येऊन राहिले व १९६७ मध्यें तेथेंच वारले.

त्याच १९६७ सालीं पारपत्राच्या हिंदी कायद्यास निराळें वळण लागावें, हा केवळ योगायोग. पण ध्यानांत ठेवण्यासारखा. स्वराज्य आल्यावरही वीस वर्षें पारपत्र देणें-न देणें सरकारच्या मर्जीवर होतें. देणें कोणावर बंधनकारक आहे असें सांगणारा कायदा नव्हता. १० एप्रिल १९६७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सतवंतसिंग साहनी यांच्या प्रकरणांत तीन विरुद्ध दोन मतांनीं निर्णय दिला कीं, परदेशीं जाणें हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असून कायद्यावांचून तें हिरावून घेतां येत नाहीं. तेव्हां घाईनें त्याच वर्षीं पारपत्रांचा कायदा करण्यांत आला. नकार द्यावयाचा तर कारण लिहून ठेवावें, मागितल्यास त्याची नक्कल द्यावी, आणि अपिलास वाव असावा, हें त्यानें ठरविलें. देशाच्या सुरक्षिततेसारख्या कारणांवरून नक्कल नाकारण्याची मुभा आणि केंद्र सरकारच्या स्वतःच्या हुकुमावर अपील नसणें, या पळवाटा त्यांत आहेतच. १९७८ मध्यें मेनका गांधी यांच्या प्रकरणांत न्यायालयानें आणखी पुढें जाऊन सांगितलें कीं, कायदा नुसता असून भागत नाहीं, त्याची रीत न्याय्य असली पाहिजे. खानखोज्यांस असें कांहीं मागण्याची सोयच नव्हती.

हल्लींची व्यावहारिक रीत थोडक्यांत अशी. पूर्वीच्या पुस्तिकेंत नूतनीकरणासाठीं पानें राखलेलीं असत व त्यांवर शिक्का मारून मुदत वाढविली जाई. आतां जुनी पुस्तिका रद्द करून नवी देतात. त्यास पुनर्वितरण म्हणतात. सज्ञानाचें पारपत्र दहा वर्षें चालतें. परदेशस्थानें तेथील भारतीय वकिलातीकडे अगर वाणिज्यदूताकडे अर्ज करावा, व तो मुदत संपण्याची वाट न पाहतां आधींच्या वर्षभरांत केव्हांही करतां येतो. पुष्कळ देश प्रवेशाच्या वेळीं पारपत्राची सहा महिने मुदत शिल्लक असावी असें मागतात, हें विसरल्यानें सरहद्दीवर पंचाईत होते. व्हिसा जुन्या पुस्तिकेंत असून चालू असेल, तर दोन्ही पुस्तिका बरोबर बाळगाव्या. पारपत्र हरवलें अगर संपलें आणि तांतडीनें घरीं परतावयाचें असेल, तर वकिलात आपत्कालीन दाखला देते. त्यावर केवळ भारतांत येतां येतें, अन्यत्र जातां येत नाहीं. नेपाळ व भूतान या दोन देशांच्या सरहद्दीवर भारतीयास पारपत्राची गरज नाहीं, निवडणुकीचें ओळखपत्रही चालतें. उलट कर्तारपूरची वाट २०१९ मध्यें खुली झाली, तेव्हां तिच्यावर पारपत्र दाखवावें लागे, व्हिसा मात्र लागत नसे.

रद्द झालेली पुस्तिका कोपरा कापून अगर शिक्का मारून धन्यास परत मिळते, आणि घरोघरीं ती रद्दींत जाते. विशेषतः १९४८ पूर्वीं मराठवाड्यांतून परदेशीं गेलेल्यांच्या पुस्तिका, ज्यांत संरक्षित व्यक्ति म्हणून नोंद आहे, त्या आतां थोड्याच उरल्या असतील. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं अशी पुस्तिका असल्यास तिच्या नोंदीच्या व शिक्क्यांच्या पानांची नक्कल मंडळाकडे पाठवावी. मूळ पुस्तिका धन्यापाशींच राहील.